मुलाचं नाक रात्रीच का चोंदतं? सिरपच्या आधी खोली तपासा

दिवसभर पोर घरभर हुंदडतं, जेवतं, खेळतं. रात्री दिवा घालवला की अर्ध्या तासात नाक बंद. मग तोंड उघडं टाकून झोप, या कुशीवरून त्या कुशीवर, मध्येच रडत उठणं. सकाळी पाच-सहा शिंका, थोडा शेंबूड, आणि शाळेची व्हॅन येईपर्यंत स्वारी पुन्हा ठणठणीत. संध्याकाळी डॉक्टरांकडे न्यावं तर नाक मोकळं, छाती साफ. सिरप मिळतं, चार दिवस बरे जातात, पंधरवड्यात पुन्हा तोच खेळ.

ज्यांच्या घरी हे चक्र सुरू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे, आणि माझं मत ठाम आहे: मुंबईत लहान मुलाचं नाक महिनोन् महिने रात्रीच बंद होत असेल, तर पहिला संशय झोपायच्या खोलीवर घ्यावा. खोलीतलं कारण तसंच ठेवून बाटल्या बदलत बसण्यात अर्थ नाही.

आधी एवढं बघून घ्या

चोंदलेलं नाक वेगळं आणि श्वासाचा त्रास वेगळा. मूल शांत असताना किंवा झोपेत सदरा वर करा, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट-छाती किती वेळा वर येते ते मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. असं दिसलं तर सकाळची वाट न बघता दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळसर दिसतायत, बाळ दूध ओढत नाही किंवा हलवूनही नीट जागं होत नाही, तर १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या टॅक्सीने जवळचं हॉस्पिटल गाठा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तरी लगेच दाखवायचं, बाळ कितीही खेळकर दिसत असलं तरी.

यातलं काही नसेल, तर पुढचं सगळं निवांतपणे करायचं काम आहे.

रात्रीच का?

नाकाच्या आत दोन्ही भिंतींवर मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेले उंचवटे असतात. आडवं झालं की तिथे रक्त साठतं, ते फुगतात आणि वाट अरुंद होते. मुलाचं नाक मुळातच चिमुकलं, त्यामुळे आपल्याला जाणवणारही नाही एवढ्या सुजेने त्याचं नाक बंद होतं. उभ्याने खाली वाहून जाणारा शेंबूड झोपल्यावर घशात मागे उतरतो, त्याची घुरघुर ऐकू येते, आणि ती छातीतली आहे असं वाटून घरातले घाबरतात. शरीरातलं सूज आवरणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं. शिवाय दोन नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीने भरतात आणि मोकळ्या होतात, हे निरोगी माणसाचंही होतं. म्हणून कूस बदलली की बाजू बदलल्यासारखी वाटते.

थोडक्यात, रात्री जे नाक बंद होतं त्यात शेंबडापेक्षा आतल्या अस्तराची सूजच बऱ्याचदा जास्त असते. मुलाला दहादा "शिंकर, शिंकर" म्हणून नाक लाल झालं तरी ते मोकळं होत नाही ते यामुळे.

माग कसा काढायचा

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन-तीन आठवडे खुणा करा. कुठल्या रात्री बंद झालं, त्या रात्री मूल कुठे झोपलं होतं, एसी होता की पंखा, कॉइल लावली होती का. एवढ्यावरून निम्मा उलगडा होतो.

सगळ्यात बोलका प्रश्न गावाचा. मे महिन्यात आजोळी चिपळूणला किंवा सांगलीला पंधरा दिवस नाक मोकळं, आणि परत आल्यावर आपल्या गादीवर दोन रात्रींत पुन्हा बंद, असं होत असेल तर संशयित घरातच आहे. उलट गावीही तसंच घोरतं, दिवसाही तोंड उघडंच, बोलणं नाकात, तर खोली कितीही घासली तरी फार फरक पडणार नाही. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

महिनाही बघा. मुंबईत फ्लूचा जोर थंडीपेक्षा पावसाळ्यात जास्त असतो. त्यात जूनमध्ये शाळा सुरू, बंद वर्ग, दमट हवा. लहान मुलांना वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचं आहे, नुकतंच प्लेग्रुपला जायला लागलेल्यांना त्याहूनही जास्त, आणि प्रत्येक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते. एक संपते न संपते तोच दुसरी. जुलैत अंगात कणकण, पिवळा शेंबूड आणि भावंडांनाही तेच, तर ती सरळ विषाणूची सर्दी समजा आणि घर डोक्यावर घेऊ नका. ताप नाही, पाण्यासारखं नाक, नाकाच्या शेंड्याला तळहाताने वर चोळायची सवय, डोळ्यांखाली काळपट छटा, सकाळच्या शिंका: ही लक्षणं ॲलर्जीकडे बोट दाखवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वाढत असेल तर बाहेरची हवाही हिशेबात धरा.

खोलीची झडती

सुरुवात गादीपासून. धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांना डॉक्टर डस्ट माइट म्हणतात, ते आपल्या त्वचेच्या गळालेल्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना दमटपणा हवा असतो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली की त्यांची चैन, आणि मुंबईत पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या पुढेच असते. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. कापसाची जुनी गादी, उशी, बेडच्या बॉक्समध्ये वर्षभर दाबून ठेवलेल्या गोधड्या आणि उशाशी बसवलेली टेडी-हत्तींची फौज ही त्यांची वसाहत.

चादर, अभ्रे, पांघरूण आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. मशीनला गरम पाण्याची सोय नसेल तर कडक पाण्याच्या बादलीत भिजवून मग मशीनला टाका, फक्त ती बादली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. गादी-उशीला चेनवाले बंद कव्हर घाला. उशाशी एकच खेळणं ठेवायचं, तेही पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि मग धुवायचं. गोधडी आजीच्या हातची असेल, टाकवत नसेल, तर ती थेट बॉक्समधून मुलाच्या अंगावर येता कामा नये. धुऊन, गच्चीत कडकडीत उन्हात वाळवून मगच. आणि अंथरूण झटकायचं असेल तर मूल दुसऱ्या खोलीत असताना.

पंखा. स्टुलावर चढून पात्याच्या वरच्या बाजूने बोट फिरवा, करड्या लोकरीसारखा थर हाताला लागेल. रात्री पंखा सुरू केला की यातलंच काही खाली झोपलेल्याच्या नाकात. झाडूने झटकलंत तर सगळं गादीवर येतं. एक जुना अभ्रा घ्या, पिशवीसारखा पात्यावर चढवा, वरून घट्ट धरून बाहेर ओढा. धूळ अभ्र्याच्या आत राहते. मूल शाळेत असताना महिन्यातून दोनदा केलंत तरी पुरे. खोलीतही कोरडा झाडू कमी आणि ओलं फडकं जास्त.

एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून नळाखाली धुवा, पूर्ण वाळवून बसवा. झोत तोंडावर नको, तापमान २५-२६ पुरे. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. म्हणून झोपायच्या आधी थोडा वेळ खिडक्या उघडून खोली मोकळी करा, अर्थात बाहेर धूळ-धूर नसेल तेव्हा.

इथे ह्युमिडिफायरबद्दल बोलायलाच हवं. नाक चोंदलं म्हणून शोधलं की पहिला सल्ला तोच येतो. तो थंड देशातल्या घरांसाठी आहे, जिथे हीटरमुळे हवा कोरडी ठाक होते. आपल्याकडे ऑगस्टमध्ये मीठ बरणीत पाणी सोडतं आणि बिस्किटं तासाभरात मऊ पडतात. अशा हवेत आणखी बाष्प सोडणं म्हणजे गादीतल्या किड्यांना आणि भिंतीवरच्या बुरशीला पाहुणचार. रात्रभर एसीत झोपून सकाळी नाकात कोरड्या खपल्या दिसत असतील तर एसी अर्ध्या रात्री बंद होईल असा टायमर लावा, तेवढ्यानेही फरक पडतो.

आता भिंत. जुन्या इमारतीत, त्यातही वरच्या मजल्यावर किंवा पश्चिमेच्या बाजूला, जुलैनंतर भिंत ओल धरते. समोरून रंग ठीक दिसतो. कपाट वीतभर पुढे ओढा, मागे मोबाइलचा टॉर्च मारा. काळ्या-हिरव्या ठिपक्यांची नक्षी आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुरशी आहे. मुलाचं डोकं त्या भिंतीकडे असेल तर आजच पलंग फिरवा, त्याला पैसे पडत नाहीत. कपाट आणि भिंतीत चार बोटं फट ठेवा. बुरशी ओल्या फडक्याने पुसा, मूल घरात नसताना आणि स्वतःच्या नाकाला मास्क लावून. वर नुसता रंग फासणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याला आमंत्रण. गळती बाहेरून किंवा वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून थांबवावी लागते, आणि त्यासाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढवावा लागतो. पावसाळ्यात बेडरूममध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालणं टाळता येतंय का तेही बघा. वन रूम किचनमध्ये दुसरा इलाज नसतो हे मान्य, पण निदान रात्री कपडे स्वयंपाकघरात आणि पंखा त्यांच्यावर, एवढं जमतं.

झुरळांचीही ॲलर्जी असते, ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. ओट्याखाली फवारा मारण्यापेक्षा जेल लावा. फवाऱ्याचा वासच नाकाला झोंबतो.

आणि धूर. संध्याकाळी देवापाशी उदबत्ती, सातला धूप, नवाला कॉइल, दहाला मूल झोपलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळताना सोडत असलेले सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे निघाले होते. डेंग्यू-मलेरियाच्या शहरात डासांना मोकळं सोडता येत नाही, त्यामुळे कॉइल बंद करायची तर मच्छरदाणी हवी. घडीची मच्छरदाणी लहान खोलीतही मावते, खिडकीला जाळी बसवली तर उत्तमच. देवापुढे दिवा पुरतो, उदबत्ती बाल्कनीच्या दाराशी सरकवता येते. "मी बाहेर गॅलरीतच ओढतो" म्हणणाऱ्या बाबांच्या शर्टाला येणारा वास मुलाच्या नाकापर्यंत पोचतोच.

शेजारी पुनर्विकास चालू असेल तर तोडकामाच्या वेळी त्या बाजूच्या खिडक्या बंद आणि खिडकीची चौकट रोज ओल्या फडक्याने. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी धूळ रोखण्याचे नियम काढले, भोवती उंच पत्रे आणि इमारतीला ओलं हिरवं कापड किंवा ताडपत्री त्यात आहे. कोणी पाळत नसेल तर १९१६ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

रात्री दोन वाजता काय करायचं

मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे नाकात घालायचे थेंब. केमिस्टकडे साधे "सलाईन नेझल ड्रॉप्स" मागा आणि बाटलीवर सोडियम क्लोराइडशिवाय दुसरं काही लिहिलेलं नाही ना, हे दिव्याखाली वाचून घ्या. घरी मीठ कालवून करू नका, प्रमाण चुकतं आणि पाणी निर्जंतुक नसतं.

दीड-दोन वर्षांचं मूल हे सुखासुखी घालू देत नाही. बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार थेंबानेच ते जास्त दचकतं. तुम्ही पाय पसरून बसा, त्याचं डोकं मांडीवर, तोंड छताकडे, हात दुसऱ्या कोणी हलकेच धरलेले किंवा दुपट्यात गुंडाळलेले. प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, ड्रॉपरचं टोक आत न खुपसता. मिनिटभर तसंच राहू द्या. रडलं तरी चालेल, रडण्यानेही शेंबूड सुटतो. मग उठवून बसवा, बाहेर आलेलं पुसा. तान्ह्या बाळासाठी रबरी फुग्याचा सक्शन वापरायचा तर फुगा आधी दाबायचा, मग टोक टेकवायचं आणि हळू सोडायचं. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको, आतलं अस्तर खरवडून उलट सूज वाढते. बाळ अंगावर पीत असेल तर पाजायच्या पंधरा मिनिटं आधी थेंब घाला, नाक बंद असलेलं बाळ दोन घोट घेऊन सोडून देतं.

डोक्याखाली उशांचा ढीग नको. एक वर्षाखालच्या बाळाला तर पाठीवर, सपाट, घट्ट गादीवरच झोपवायचं, सर्दी असली तरी.

आजीचा बटवा आणि केमिस्टचा काउंटर

तेलावरून बऱ्याच घरांत वाद होतो. सासूबाई म्हणतात, "अगं, तुझ्या नवऱ्याला नाकात रोज दोन थेंब तेल घालूनच वाढवलाय मी." त्यांचा हात झिडकारण्यात हशील नाही. "आई, थेंब तुम्हीच घाला, फक्त बाटली ही घ्या," म्हणून सलाईन पुढे करा. खोबरेल असो की तूप की मोहरीचं तेल, बाळाच्या नाकातून ते फुफ्फुसात उतरू शकतं आणि तिथे न्यूमोनिया करू शकतं. तेल टाळूला लावा, तळपायाला चोळा, नाकात नाही.

धुरीचंही तसंच. आंघोळीनंतर ओवा-धुपाची धुरी म्हणजे धूरच, तो औषधी असला तरी नाकाला धूरच. कापूर आणि कापूर-मेंथॉलचा बाम दोन वर्षांखाली अजिबात नाही. कापूर पोटात गेला तर झटके येतात, म्हणून उशाशी ठेवलेली कापराची पुरचुंडी मुलाच्या तोंडात जाऊ शकते हे विसरू नका. ओव्याची कोरडी पुरचुंडी छातीला कोमट लावली तर हरकत नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला धरून वाफ देऊ नका, उपयोग थोडा आणि भाजण्याची भीती मोठी. मध एक वर्षाच्या आत नाही.

केमिस्ट "हे घ्या, लगेच मोकळं होईल" म्हणून जे थेंब देतो त्यात बहुधा झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. लगेच मोकळं होतं हे खरं. पण काही दिवस सलग वापरलं की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त फुगतं आणि थेंबांशिवाय झोपच येईनाशी होते. लहान मुलांना डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको. सर्दीच्या सिरपबद्दल तर सरकारी सूचनाच आहेत: क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये असा इशारा बाटलीवर छापायला डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये, मध्य प्रदेशात दूषित सिरपने मुलं दगावल्यानंतर, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत असं कळवलं. मागच्या वेळची उरलेली बाटली फ्रीजच्या दारातून आजच काढून टाका.

एवढं करूनही नाक बंदच असेल तर

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पिवळा-हिरवा स्राव येत असेल तर आत काहीतरी अडकलंय असं धरून चाला: मणी, शेंगदाणा, खोडरबराचा तुकडा. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, ते आणखी आत सरकतं. बटण सेल गेल्याचा नुसता संशय आला तरी त्याच क्षणी हॉस्पिटल, तो काही तासांत आतून जाळतो.

दहा दिवस उलटूनही सर्दी जराही कमी नाही, किंवा बरी होता होता ताप पुन्हा उसळला, तर सायनसचा संसर्ग असू शकतो.

मूल आठवड्यातून तीन-चार रात्री तरी घोरतं, घोरता घोरता क्षणभर श्वास थांबतो आणि मग धापकन सुरू होतो, मान मागे टाकून झोपतं, सकाळी उठायला चिडचिड करतं, तर ॲडिनॉइड तपासून घ्या. नाकाच्या मागच्या बाजूला असलेली ही गाठ साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात सगळ्यात मोठी असते आणि पुढे आपोआप आक्रसते, पण मधली वर्षं झोपेशिवाय काढायची नसतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ एक्स-रे किंवा दुर्बिणीने बघतात. नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे सुचवला तर "स्टिरॉइड" या शब्दाने दचकू नका. त्याचा डोस अगदी थोडा, आणि दोन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी चालणारे स्प्रे आहेत. फवारताना नळी मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरायची, नाहीतर नाकातून रक्त येतं. असर दिसायला काही दिवस लागतात, दोन रात्रींत सोडून देऊ नका. खासगी फी परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर आणि कूपर या पालिकेच्या चारही मोठ्या हॉस्पिटलांत कान-नाक-घशाची ओपीडी आहे, परळला लहान मुलांचं वाडिया आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

जाताना कॅलेंडरचा फोटो घ्या आणि रात्रीचा एक व्हिडिओ. सदरा वर, छाती आणि तोंड दोन्ही दिसतील असा, मंद दिव्यात, पंखा बंद करून म्हणजे आवाज येईल. एक मिनिट पुरे. केबिनमध्ये शिरल्यावर आधी तोच दाखवा, कारण त्या वेळी मूल नेमकं डॉक्टरांच्या टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढत असणार आणि नाक त्याचं अगदी मोकळं असणार.